राळ्यांचा बिसि बेळे भात



म्हैसूर-बंगळूरकडील घरांत ‘बिसि बेळे भात’ मोठ्या आवडीने केला जातो. कानडीत ‘बिसि’ म्हणजे गरम व ‘बेळे’ म्हणजे डाळ. तांदूळ, तुरीची डाळ, भाज्या, चिंच व मसाला यांचा तो एकजीव पाक होय. तांदळाऐवजी राळे घातल्यास तो अधिक सकस होतो. राळ्यांना कर्नाटकात ‘नवणे’ व तमिळनाडूत ‘तिनै’ म्हणतात.

राळे, नाचणी, वरी ही गरिबांची धान्ये, असा समज दीर्घकाळ रूढ होता. भारत सरकारने २०१८ साली त्यांना ‘पोषक धान्ये’ ठरविले. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. तथापि केवळ नामांतराने मुलांचे पोषण होत नाही. धान्याला डाळीची जोड हवी. धान्याच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते. ते डाळीत विपुल असते. उलट, डाळीत जी गंधकयुक्त अमिनो आम्ले उणी, ती धान्य पुरविते. पाणी निथळून टाकावे लागत नसल्याने भाज्यांतील सत्त्वही पातेल्यातच राहते.

चार-पाच माणसांसाठी एक वाटी राळे रोळून अर्धा तास भिजत ठेवावेत. पाऊण वाटी तुरीची डाळ हळद घालून सहा वाट्या पाण्यात शिजत लावावी. ती अर्धवट शिजली की राळे व घेवडा, गाजर, मटार मिळून दोन वाट्या भाज्या घालाव्यात. डाळ पूर्ण मऊ झाल्यावरच चिंचेचा कोळ घालावा. आंबटाने डाळ लवकर शिजत नाही. मग धने, हरभऱ्याची डाळ, मेथी, सुकी मिरची व दालचिनी भाजून, सुक्या खोबऱ्यासह कुटलेला मसाला आणि मीठ घालून मंद आचेवर ढवळावे. शेवटी तुपात मोहरी, हिंग व कढीलिंबाची फोडणी द्यावी. निवताना हा भात घट्ट होतो. म्हणून तो सैलसर ठेवावा व गरमच वाढावा. वाढताना वर लिंबू पिळल्यास अन्नातील लोह अंगी लागण्यास साहाय्य होते.

ज्या मुलाच्या डब्यात राळे वा नाचणी येते, त्याला सोबत्यांपुढे डबा उघडताना संकोच वाटू नये, हे पाहणे शिक्षकांच्याच हाती आहे. अन्न सकस असूनही लाजेने डब्यातच राहिले, तर पाककृतीचा उपयोग काय?