प्रवेशपरीक्षा आणि हलाल कमाई
(शिष्यवृत्ती-वितरण प्रसंगी इंदूर येथे केलेले भाषण)



 विषय जरा कडू आहे.

जुलै २०१३ मध्ये आपल्याच शहरात वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या वेळी दुसऱ्याच्या नावावर बसणारे तोतये पोलिसांनी पकडले आणि ‘व्यापम’ प्रकरणास वाचा फुटली. आसनक्रमांक असे फिरविले जात की, हुशार भाडोत्र्याच्या लगत पैसे भरलेला उमेदवार यावा. त्याला ‘इंजिन-बोगी’ असे नावही पडले होते. पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशाची २०१२ ची परीक्षाही त्यात सापडली.

१३ फेब्रुवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ६३४ विद्यार्थ्यांचे प्रवेश रद्द ठरविले. ते २००८ ते २०१२ या काळातले होते. कित्येकांचे शिक्षण पुरे होत आले होते. ‘शिकलोच आहोत, तर समाजाच्या कामी येऊ द्या’, ही विनवणी मान्य झाली नाही.

आम्ही पडलो शिक्षक. आम्हांस त्या मुलांची कीव येते. त्यांनी पुढे केलेला अभ्यास खराच असेल. पण ज्या बाकावर बसून केला, तो बाक दुसऱ्या कोणाचा तरी होता. त्या दुसऱ्याचे नाव कुठल्याच निकालपत्रात नाही. त्याची गेलेली वर्षे कोणते न्यायालय परत देणार?

दोष एकट्या दलालांचा नव्हे. चाचणी परीक्षेत शेजारच्या वहीत डोकावणाऱ्याकडे ‘जाऊ द्या, पोरच आहे’ म्हणून आम्ही शिक्षकच काणाडोळा करतो. पालक ‘कुठे ओळख आहे का’ म्हणून विचारीत फिरतात. पुढची लाखांची लाच याच उंबऱ्यावरून आत येते. आमचे वडील म्हणत, घास हलाल कमाईचा असावा. गुणांनाही तोच न्याय लागू आहे.

मुले फसवितात ती बहुधा नापास होण्याच्या भयाने. म्हणून विश्वस्तांस एकच विनंती आहे. पहिल्या आलेल्यांचा सत्कार जरूर करा. पण एखादी शिष्यवृत्ती अशीही ठेवा की, जो प्रामाणिकपणे बसला आणि थोडक्यात राहिला, त्यास दुसऱ्या वर्षी पुन्हा बसता येईल. घरी आलेल्या अशा मुलास आपण नीट वागविले, तर दलालाचे दार तो ठोठावणार नाही.