नळाच्या काठचं उपनगर

(नभोवाणी भाषणाचा संपादित मजकूर)

गावाबद्दल बोला म्हटलं की माणूस खुलतो. उपनगराबद्दल बोला म्हटलं की जरा अडखळतो. गावाला वेस असते, यात्रा असते, कुणाच्या तरी पूर्वजाची गोष्ट असते. प्लॉटांच्या वस्तीकडं काय असतं? सात-बाराचा उतारा, बिगरशेतीचा आदेश आणि सोसायटीच्या पहिल्या सभेचं इतिवृत्त. तरीही आज मी उपनगराबद्दलच बोलणार आहे. नगर शहराच्या उत्तरेला सावेडी नावाचा जो मोठा भाग पसरलेला आहे, तिथं मी 1987 पासून राहतो. मात्र "मूळ गाव कुठलं?" असं कुणी विचारलं, तर अजूनही तोंडून पुणतांबाच येतं.

पुणतांबा आता सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे, ते 2017 च्या शेतकरी संपामुळं. त्याआधी ते ओळखलं जायचं चांगदेव महाराजांच्या समाधीमुळं आणि दौंड-मनमाड रेल्वेवरचं स्टेशन म्हणून. आम्ही पुणतांब्याची माणसं मात्र गावाची ओळख सांगताना आधी नदी सांगतो. गोदावरीच्या काठावर अहिल्याबाई होळकरांनी बांधलेला घाट आहे, देवळं आहेत. माझ्या लहानपणी गावाचा अर्धा दिवस नदीकडं तोंड करून जायचा. धुणं नदीवर, अंघोळ नदीवर, भांडण नदीवर आणि ते मिटायचं तेही नदीवरच. शेवटचा प्रवासही तिकडंच.

असल्या गावातून मी नोकरीसाठी नगरला आलो. पहिली काही वर्षं शहरात, वेशीच्या आत, भाड्याच्या दोन खोल्यांत काढली. मग ऑफिसातल्या सात-आठ जणांनी मिळून सावेडीला जागा बघायला सुरुवात केली. त्या काळी "सावेडीला प्लॉट घेतला" म्हटलं की शहरातली जुनी माणसं हसायची. म्हणायची, "तिकडं रात्री कोल्हे ओरडतात." कोल्हे मी काही ऐकले नाहीत. पण संध्याकाळनंतर रिक्षावाला तिकडं यायला कुरकुर करायचा, एवढं खरं.

सावेडी हे मुळात वेगळं गाव. शहर आणि गाव यांच्यामध्ये मळे होते. ज्वारी, भाजीपाला, क्वचित पेरूची बाग. जिल्ह्याच्या ठिकाणी कचेऱ्या वाढल्या, 1962 मध्ये जिल्हा परिषद आली, कॉलेजं आली, नागापूरला एमआयडीसी झाली, तशी माणसं वाढली आणि मळ्यांचे प्लॉट पडत गेले. आजही इथल्या रस्त्यांची नावं ऐकली की वस्ती कशी चढत गेली ते कळतं. प्रोफेसर कॉलनी म्हणजे अर्थातच प्राध्यापकांची. टीव्ही सेंटर म्हणजे प्रक्षेपणाचा मनोरा उभा राहिला तो भाग. गुलमोहर रोड हे नाव कॉलनीवाल्यांच्या हौसेचं. कुष्ठधाम रोड हे नाव सांगतं की एके काळी ही जागा गावाबाहेरची होती, कारण कुष्ठरोग्यांना समाज गावाबाहेरच ठेवायचा. आज त्याच रस्त्यावर लोक मोठ्या अभिमानानं पत्ता सांगतात.

आणि पाइपलाइन रोड. आमचं घर त्याच्याच एका गल्लीत.

या नावावर थोडं थांबतो. नगर शहर 1490 मध्ये अहमद निजामशाहानं सीना नदीच्या काठी वसवलं. पण सीना ही काही बारमाही भरलेली नदी नाही. राजधानी वसवायची तर पाणी आणावं लागणार, हे त्या लोकांनी पहिल्यापासून ओळखलं होतं. म्हणून कापूरवाडी, शेंडी, वडगाव, भिंगार, निमगाव अशा भोवतालच्या ठिकाणांहून जमिनीखालून खापरी नळ टाकून पाणी शहरात आणलं गेलं. पंप नाही, वीज नाही. केवळ जमिनीचा उतार आणि गवंड्याची नजर. ठरावीक अंतरावर उसासे ठेवलेले, म्हणजे नळातली हवा बाहेर पडावी आणि गाळ काढता यावा. 1884 च्या इंग्रजी गॅझेटियरमध्येही या नळांची माहिती आवर्जून दिलेली आहे.

याच व्यवस्थेतलं एक ठिकाण आमच्या सावेडीच्या टोकाला आहे, भिस्तबाग. बिहिश्त म्हणजे फारसीत स्वर्ग. हश्त बिहिश्त, आठ स्वर्गांची बाग. मध्ये अष्टकोनी महाल आणि त्याच्याभोवती पाण्यानं भरलेला हौद, अशी ती रचना. उत्तरेकडून नळानं आणलेलं पाणी त्या हौदात पडायचं. मी 1980 च्या दशकात सायकलवरून पहिल्यांदा तिथं गेलो तेव्हा हौद कोरडा होता आणि त्यात शेळ्या चरत होत्या. बरोबरचा मित्र म्हणाला, "निजामशाहाला इथं स्वर्ग दिसला, आपल्याला निदान प्लॉट तरी दिसू दे." त्याच वर्षी आम्ही इसार दिला.

घर बांधलं तेव्हा नळाचं पाणी नव्हतं. आमच्या सोसायटीची जमीन ज्या मळेकऱ्याची, त्यानं स्वतःसाठी एक तुकडा आणि विहीर राखून ठेवली होती. त्या विहिरीच्या पाण्यावर आमच्या गल्लीतली अकरा घरं उभी राहिली. बांधकामाला पाणी तिचं, प्यायला पाणी तिचं. पैसे विचारले तर तो म्हणायचा, "जमीन इकली मास्तर, पानी नाय इकलं." मी मास्तर नव्हतो, कारकून होतो, पण पायजमा घालून विहिरीवर येणारा प्रत्येक जण त्याच्या लेखी मास्तरच होता. ती विहीर पुढं बुजवली. आज तिथं पाच मजली इमारतीचं वाहनतळ आहे. मी रोज सकाळी तिच्यावरून फिरायला जातो.

गंमत अशी, की आमच्या दारापुढच्या रस्त्याखालून प्रचंड पाणी वाहत होतं. राहुरी तालुक्यात मुळा नदीवर मोठं धरण आहे, 26 टीएमसीचं. तिथं मुळानगरला पाणी उपसायचं, विळदला पुन्हा वर चढवायचं, वसंत टेकडीवरच्या टाक्यांत आणायचं आणि मग शहराला द्यायचं, अशी नगरची पाणीयोजना. त्या मोठ्या नळाच्या मार्गावरून रस्ता झाला, म्हणून तो पाइपलाइन रोड. पण नळ जवळून गेला म्हणजे पाणी आपलं झालं असं नाही. पाणी आधी टाकीत जाणार, मग ठरल्या भागाला ठरल्या दिवशी येणार. नदीकाठच्या माणसाला हे समजायला वेळ लागतो. मला लागला. माझ्या आईला तर ते शेवटपर्यंत पटलं नाही.

वडील गेल्यावर, 1990 मध्ये, आईला मी सावेडीला आणलं. आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "आरं, तुमची नदी कुठंय?" मी तिला रिक्षातून सीनेच्या पुलावर नेलं. तिनं खाली बघितलं, पदर नाकाला लावला आणि म्हणाली, "हिला नदी म्हनतेत व्हय?" पुन्हा तिनं विषय काढला नाही. पण कार्तिक महिना आला आणि तिची घालमेल सुरू झाली. आयुष्यभर कार्तिकस्नान गोदावरीत केलेलं. इथं बादली. ती पहाटे मोरीत बसून सगळ्या नद्यांची नावं घेत तांब्यानं पाणी ओतून घ्यायची, आणि बाहेर आली की माझ्याकडं अशी बघायची की मीच नदी लपवून ठेवली आहे.

मग तिला तिचा घाट सापडला. मोठ्या नळावर काही अंतरानं हवेचे व्हॉल्व्ह असतात. एका व्हॉल्व्हमधून सतत पाणी गळायचं आणि तिथं डबकं साचलं होतं. भोवती चार दगड टाकून आसपासच्या बांधकामांवरच्या बायका धुणं धुवायच्या. आई एक दिवस आमच्या गोधड्या घेऊन तिथं गेली, ती दुपारीच परतली. मला लाज वाटली. शेजारी बँकेतले साहेब राहायचे, समोर प्राध्यापक. मी म्हणालो, "आई, घरात नळ आहे, लोक काय म्हणतील?" ती म्हणाली, "नळाला मानसं नसत्यात बाबा." त्या डबक्यावर तिला पाथर्डीची एक आणि अकोल्याची एक अशा दोन मैत्रिणी मिळाल्या. त्यातली एक प्राध्यापकांचीच आई निघाली. तीही घरात न सांगता यायची.

इथंच मला आमचं उपनगर थोडं थोडं कळायला लागलं. आम्ही सगळेच कुठून कुठून आलेलो होतो. जिल्ह्याचे 14 तालुके, आणि आमच्या दोन गल्ल्यांत त्यातल्या नऊ तालुक्यांची माणसं. बंगल्यांची नावं वाचत गेलं तर नद्यांचा नकाशाच तयार व्हायचा. कुणाचा 'प्रवरा', कुणाचा 'मुळाई', माझा अर्थात 'गोदाई'. जो तो मागं सोडलेलं पाणी पाटीवर लिहीत होता. आणि आमची खरी भेट व्हायची ती रात्री अडीच वाजता, पाणी सुटल्यावर. कुणाची टाकी भरली, कुणाची मोटार जास्त ओढते, कुणी वळण मोडलं. कडाक्याची भांडणं व्हायची. सकाळी ऑफिसला जाताना पुन्हा नमस्कार.

आईला मी एकदा भूगोल सांगून पाहिला. म्हटलं, तू पितेस ते मुळेचं पाणी. मुळा प्रवरेला मिळते आणि प्रवरा टोक्याला गोदावरीला. म्हणजे तुझ्या घरातलंच पाणी. वापरून झालं की ते सीनेत जातं, सीना भीमेला मिळते आणि भीमा कृष्णेला. आपली मोरी म्हणजे गोदावरीचं पाणी कृष्णेत सोडायची जागा. ती विचार करून म्हणाली, "पन परवरा मिळती ती पुनतांब्याच्या खाली. आमच्या घाटाचं पानी न्हाय ते." भूगोल तिचाच पक्का होता.

तरी आमच्या नदीचंही आता फार कौतुक करू नये. वर नांदूर-मधमेश्वरला बंधारा आहे, तिथून डावे-उजवे कालवे निघतात, आणि उन्हाळ्यात पुणतांब्याच्या घाटापुढं वाळूच जास्त दिसते. पाणी कुणी तरी कुठं तरी ठरवून सोडतं ते तिथंही.

2003 मध्ये नगरला महानगरपालिका झाली. 2024 मध्ये शहर आणि जिल्हा दोन्हींचं नाव अहिल्यानगर झालं, आणि ज्या बाईंनी माझ्या गावचा घाट बांधला त्यांच्याच नावाच्या शहरात मी राहायला आहे असं अचानक लक्षात आलं. सावेडी आता शहराबाहेर राहिलेली नाही. दुकानं, दवाखाने, क्लासेस सगळं इथं आलं, आणि जुन्या शहरातली हसणारी माणसंही इथंच फ्लॅट घेऊन राहतात. बंगले पाडून इमारती उभ्या राहतात. मुलं पुण्याला किंवा त्याहून लांब. 'प्रवरा' गेली, 'मुळाई'च्या जागी सहा फ्लॅट झाले. इमारतीला सामाईक टाकी असते आणि ती वॉचमन भरतो, त्यामुळं रात्री अडीचला कुणी कुणाला दिसत नाही. बोअर मात्र दर दोन-तीन वर्षांनी आणखी खोल जातात. आमच्या कट्ट्यावर अधूनमधून विषय निघतो, की चारशे-पाचशे वर्षांपूर्वी ज्यांनी उतारावर पाणी आणलं त्यांचे नळ कुठून जात होते याची एकदा नीट पाहणी व्हावी, खोदकामात खापरी नळ सापडला तर जेसीबी थांबवावा. चहा संपला की विषयही संपतो. मीही त्यातलाच.

आई 2001 च्या कार्तिकात गेली. अस्थी घेऊन आम्ही पहाटेच पुणतांब्याला निघालो. घाटावर पाणी होतं, त्या वर्षी बऱ्यापैकी होतं. विधी आटोपून, भावकीत जेवून परतायला रात्र झाली. तो आमच्या भागाचा पाण्याचा दिवस होता हे मला वाटेत, राहुरीच्या आसपास आठवलं. घरात दहा-बारा माणसं उतरणार, आणि पाणी येऊन गेलेलं. दार उघडलं तर ओट्यावरची भांडी, मोरीतल्या बादल्या, गच्चीवरची टाकी, सगळं काठोकाठ भरलेलं होतं. किल्ली समोरच्या प्राध्यापकांच्या घरी होती. त्यांची आई अंगणात बसून होती. म्हणाली, "मोटार बंद करायची राह्यली का, तेवढं बघ."