पलटणीची शाळा आणि पेन्शन



रोग्याला तपासताना आम्ही डॉक्टर घराण्याचा इतिहास विचारतो. आपल्या शिक्षणाचा इतिहास विचारला, तर तो पुष्कळांच्या बाबतीत पणजोबांच्या पलटणीपाशी पोचतो. शिपायाचा पगार तुटपुंजाच होता. खरी कमाई होती पलटणीची शाळा आणि पेन्शन. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. निवृत्तीनंतर दरमहा ५० रुपये पेन्शनच्या आधारावर त्यांनी बाबासाहेबांच्या शिक्षणाचा पाया घातला.

१८९० च्या दशकात महारांची लष्करभरती बंद झाली आणि नोकरीबरोबर शाळेचे दारही मिटले. स्वतः पेन्शनर असलेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज लिहिला. महायुद्धाची निकड भासताच १९१७ साली १११ वी महार पलटण उभारली गेली, १९२१ साली मोडलीही! महार रेजिमेंट उभी राहण्यास १९४१ साल उजाडले. मधल्या काळातील मुलांना ती शाळा मिळाली नाही.