बोलून काय होतं?

(महिला गटांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या शिबिरातील भाषण, थोडे संपादित करून)



मला विषय दिलाय 'ताणतणाव आणि समुपदेशन'. पण वस्तीतली बाई येऊन कधी 'मला ताण आहे' असं म्हणत नाही. ती म्हणते, छातीत धडधडतं, जीव घाबराघुबरा होतो, हातापायाला मुंग्या येतात, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. दवाखान्यात सलाईन लावतात, ताकदीच्या गोळ्या देतात. कार्डिओग्राम चांगला आला की सांगतात, "काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका." जसं काही ती बाजारात जाऊन टेन्शन विकत घेऊन येते! घरी सासू म्हणते, नाटकं. आणि आपण तिला बोलायला बसवलं की शेजारीण विचारते, "बोलून काय होतं?" प्रश्न योग्य आहे, म्हणून त्याचंच उत्तर देते.

आधी एका बाईची ओळख करून देते. व्हिएन्नात १८८० ते १८८२ या काळात योसेफ ब्रॉयर हे डॉक्टर बर्था पापेनहाइम या तरुणीवर उपचार करत होते. आजारी वडिलांची सेवा करता करता ती स्वतःच अंथरुणाला खिळली. हात लुळा पडला, वाचा गेली. मनातलं एकेक सांगत गेली की तिला हलकं वाटे. 'बोलण्याचा उपचार' हे नाव तिनंच दिलं. थट्टेनं ती त्याला धुराडं साफ करणं असंही म्हणे. १८९५ साली ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी तिची हकीकत 'आना ओ.' या टोपणनावानं छापली. ती वाचून वाटतं की ती बरी झाली. प्रत्यक्षात त्या उपचारानंतरही तिला सॅनेटोरियममध्ये राहावं लागलं. पुढे याच बाईनं मेरी वुलस्टनक्राफ्टचं स्त्रियांच्या हक्कांवरचं पुस्तक जर्मन भाषेत आणलं, १९०४ साली ज्यू स्त्रियांची संघटना उभी केली, मुलींच्या विक्रीविरुद्ध आयुष्यभर काम केलं. बोलण्यामुळे ती कार्यकर्ती झाली असा दावा मी करणार नाही. पण मानसशास्त्राच्या पुस्तकांत ती बहुधा पेशंट म्हणूनच भेटते, म्हणून सांगितलं.

आज आपण जी पद्धत जास्त वापरतो ती नंतरची. १९६० च्या दशकात अमेरिकेत एरन बेक यांनी ती मांडली. विचार, शरीर आणि वागणं एकमेकांना ओढत नेतात, हे तिचं सूत्र.

उदाहरण सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. पिको-फॉल करणारी एक बाई. एकदा भरलेल्या बसमध्ये तिला दरदरून घाम फुटला, वाटलं आता मरते. मग तिनं बस सोडली. मग बाजार. मग बचत गटाची मीटिंग. न गेल्यानं त्या दिवसापुरतं बरं वाटतं आणि भीती मात्र आणखी पक्की होते. आम्ही आठवड्यातून एकदा बसायचो. "बसमध्ये नेमकं काय मनात येतं?" असं विचारल्यावर ती म्हणाली, "मी पडणार, पदर सुटणार, लोक हसणार." दोन वर्षांत असं किती वेळा झालं? एकदाही नाही. हे मी तिला सांगितलं नाही, तिनंच मोजलं. धडधड ही शरीराची धोक्याची घंटा आहे, ती वाजते आणि थोड्या वेळानं आपोआप थांबते, हेही तिनं अनुभवलं. आधी नुसतं स्टॉपवर उभं राहणं, मग शेजारणीबरोबर एक स्टॉप, मग एकटीनं. नऊ आठवडे लागले.

पण तिच्या डोक्यावर कर्जाचा आठवड्याचा हप्ताही होता. तो काही विचारांचा दोष नव्हता. तिथे आम्ही कागद घेतला, कुणाचे किती हे मांडलं आणि आधी काय करायचं ते ठरवलं. खोटी भीती आणि खरी अडचण वेगळी काढणं, हे या कामातलं मोठं कौशल्य आहे.

यासाठी मोठी डिग्री हवीच का? झिम्बाब्वेत डिक्सन चिबांडा या मनोविकारतज्ज्ञांनी २००६ साली हरारेत आज्यांना शिकवून दवाखान्याबाहेरच्या बाकांवर बसवलं. तिथे या दुखण्याला 'कुफुंगिसिसा' म्हणतात, म्हणजे अति विचार करणं. आज्या ऐकतात, अडचणींतली एक निवडायला लावतात, तिच्यावर वाट शोधायला मदत करतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नेहमीच्या उपचारांपेक्षा या बाकांवर आलेल्यांना जास्त आराम पडल्याचं दिसलं. आपल्या शेजारी गोव्यात 'संगाथ' या संस्थेनंही गावातल्याच प्रशिक्षित माणसांकडून असं काम करून घेतलंय. प्रशिक्षण मात्र हवं आणि नंतर वरचेवर अनुभवी माणसाशी बोलणंही हवं. नुसती माया पुरत नाही.

आता आपल्या चळवळीतला जुना आक्षेप. बाईला शांत करून पुन्हा त्याच घरात पाठवायचं, हेच ना समुपदेशन? तसं होतं, मी पाहिलंय. नवराबायकोला समोरासमोर बसवून 'दोघांनी जरा सांभाळून घ्या' सांगणं ही समजूत काढणं झाली. मारहाण होत असेल तर एकत्र बसवूच नये. नवऱ्यासमोर ती खरं बोलणार नाही आणि बोललीच तर घरी गेल्यावर त्याची किंमत मोजेल. मार खाणाऱ्या बाईची भीती हा आजार नव्हे, ती भीती बरोबर असते. तिथे आधी सुरक्षितता, २००५ चा कायदा, १८१ ही हेल्पलाईन. पण ज्या बाईला तीन रात्री झोप नाही, तिला वकिलाची तारीखही लक्षात राहत नाही. म्हणून मी या दोन्ही कामांना एकमेकांविरुद्ध उभं करत नाही.

काही गोष्टी बोलण्यानं भागत नाहीत. थायरॉईड, रक्त कमी असणं यांनीही धडधड होते. तपासणी करून घ्या. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर ते सरळ विचारा. विचारल्यानं ते वाढत नाहीत. तिला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. चालू गोळ्या मनानं बंद करायला सांगू नका. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून आहे, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

आणि एक, ज्यावर सगळं टिकतं. तिनं सांगितलेलं आपल्या मीटिंगमध्येही उदाहरण म्हणून सांगायचं नाही, नाव न घेतासुद्धा. वस्तीत अर्ध्या वाक्यावरून माणूस ओळखू येतं. समाजमंदिराची खोली मागण्याआधी तिचं दार नीट लागतं का, खिडकीखाली नळाची रांग नसते ना, एवढं बघून या.