सायकलप्रवासातील विजेचा हिशेब



डिसेंबर १९२६ मध्ये बिमल मुखर्जी तीन मित्रांसह याच कोलकात्याहून सायकलीने जगप्रवासाला निघाले, ते १९३७ साली परतले. त्या काळी प्रवासी दृष्टीआड झाला की घरच्यांना पत्राची वाट पाहण्यावाचून गत्यंतर नसे. आज आपली मुले सायकलीने शांतिनिकेतनला निघतात, तेव्हा नकाशा, पैशाचे पाकीट, विजेरी आणि घरचा निरोप ही चारही कामे एकट्या फोनवर सोपविलेली असतात. त्याची बॅटरी संपली की चारही आधार एकदम सुटतात. म्हणून हा हिशेब आपणांपुढे मांडीत आहे.

चाकाला टेकणारा बाटलीच्या आकाराचा डायनॅमो आपणांपैकी अनेकांना आठवत असेल. आता तो पुढच्या चाकाच्या हबमध्येच बसविलेला मिळतो. तत्त्व फॅरडेने १८३१ साली दाखविले तेच : तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक फिरला की वीज निर्माण होते. ताशी १५ किलोमीटरच्या सुमारास हा डायनॅमो ६ व्होल्टने ३ वॅट देतो. परंतु त्या प्रवाहाची दिशा सतत उलटत असते. फोनला एकाच दिशेचा, ५ व्होल्टचा प्रवाह लागतो. तो पालट करणारे छोटे उपकरण मध्ये जोडावे लागते आणि त्यात काही वीज खर्ची पडते.

५००० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीत सुमारे १९ वॅट-तास वीज मावते. कोलकात्याहून वर्धमान साधारण शंभर किलोमीटर; म्हणजे सहासात तासांची रपेट. एवढ्या श्रमानेही हाती पंधराएक वॅट-तासच लागतात. दिवसभर पायडल मारून एक फोन पुरता भरत नाही!

यावरून काही नियम निघतात. सिग्नलपाशी चाक थांबले की प्रवाहही थांबतो. म्हणून डायनॅमोने फोन न भरता पॉवर बँक भरावी आणि तिच्यावरून रात्री फोन भरावा. सौर पट्टी उन्हात ठेवावी, पण फोन व पॉवर बँक सावलीत. लिथियम बॅटरीला उष्णता मानवत नाही. पावसात भिजलेल्या फोनला, तो पुरता सुकल्यावाचून, तार जोडू नये. ढाब्यावर जेवताना मालकाला विचारून प्लग लावावा; तासाभरात दिवसभराच्या श्रमांहून अधिक वीज मिळते. आणि मिळविण्यापेक्षा वाचविणे सोपे, म्हणून पडद्याचा उजेड मंद ठेवावा व रस्ता ठाऊक असेल तेथे नकाशा बंद करावा.

शेवटचा पाव भाग मात्र घरच्यांसाठी राखावा. दोनचार दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून खिशात ठेवावेत, कारण आज आईचा क्रमांकही कोणाला पाठ नसतो. आपण सारे मुलखापासून दूर राहणारे. 'सुखरूप पोचलो' या दोन शब्दांचे मोल आपणांस निराळे सांगावयास नको. त्या दोन शब्दांपुरती वीज शिल्लक राहिली, की प्रवासाचा हिशेब जमला.