संत्रानगरीत आपले स्वागत

परिषदेचे सन्माननीय अध्यक्ष, दूरदूरहून आलेले नाणे-अभ्यासक आणि नागपूरकर बंधुभगिनींनो,

गोंडराजा बख्तबुलंद शहाने वसवलेल्या, रघूजीराजे भोसल्यांनी वैभवाला नेलेल्या या नगरीत स्वागत समितीच्या वतीने आपले मनःपूर्वक स्वागत!

1861 मध्ये मध्य प्रांत झाला आणि नागपूर त्याची राजधानी. दोनच वर्षांत इथे मध्यवर्ती संग्रहालय उभे राहिले. आम्ही त्याला अजब बंगला म्हणतो. आमच्या चार पिढ्या आजोबांचे बोट धरून तिथे गेल्या आहेत. आमचा दुसरा अभिमान म्हणजे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी. मॉरिस कॉलेजात संस्कृत शिकवता शिकवता त्यांनी वाकाटक आणि कलचुरींचे ताम्रपट, शिलालेख, नाणी वाचली. कलचुरी लेखांचा त्यांचा ग्रंथ 1955 चा. आजही त्याच्यावाचून अभ्यासकांचे पान हलत नाही. नव्या पिढीला मात्र त्यांचे नावही ठाऊक नसावे, याची खंत वाटते.

आपला विषय घणाखाली घडलेल्या सुवर्णनाण्यांचा. इंग्रजांच्या कैदेतून सुटलेल्या फ्रान्सच्या जाँ राजाने 1360 मध्ये घोडेस्वाराचा सोन्याचा फ्रँक पाडला. त्याच्या तीन शतके आधी त्रिपुरीच्या कलचुरी राजा गांगेयदेवाचे सोन्याचे नाणे चालत होते: एका बाजूला तीन ओळींत राजाचे नाव, दुसरीकडे चतुर्भुज लक्ष्मी. रीत दोन्हीकडे तीच. खाली ठसा, वर ठसा, मध्ये सोन्याची चकती आणि घणाचा घाव. ठसा जरा सरकला की राजाच्या नावातले अक्षर काठाबाहेर जाते. सराफीत आयुष्य गेल्यामुळे मला त्या अनामिक कारागिराच्या हाताचे फार कौतुक वाटते.

व्यवस्थेत उणिवा राहिल्या आहेत. काहींची उतरण्याची सोय सभागृहापासून लांब झाली, गाड्याही अपुऱ्या पडल्या. मोठ्या मनाने सांभाळून घ्या. जेवणात सांबारवडी, गोळाभात आणि संत्रा बर्फी आहे. संकोच करू नका. इतवारीतील सराफ बांधव, धान्य व्यापारी, भोजनाचा भार उचलणारे दाते, सभागृह देणारी संस्था आणि रात्री जागून मांडव सजवणारे विद्यार्थी, या सर्वांचे ऋण मोठे आहे. कुणाचा उल्लेख राहिला असल्यास क्षमा असावी.

शेवटी माझ्या व्यवसायबंधूंना आणि शेतकरी बांधवांना कळकळीची विनंती. जुने नाणे हाती आले तर ते मुशीत टाकू नका, जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. सोने पुन्हा मिळेल. त्यावरचे राजाचे नाव एकदा वितळले की कायमचे गेले.

जय हिंद, जय महाराष्ट्र, जय विदर्भ!