स्वस्तात मिळालेली महागडी गाडी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

नवी मोटारसायकल घेणाऱ्याला सल्ला द्यायला दुकानदार असतो, कंपनीची माहितीपुस्तिका असते, कर्ज देणाऱ्या बँकेचा माणूस असतो. सेकंडहँड गाडी घेणाऱ्याच्या वाट्याला दोघेच येतात. एक विकणारा आणि दुसरा मित्र. विकणाऱ्याला गाडी खपवायची असते आणि मित्राला ती एकदा चालवून बघायची असते. तेव्हा या दोघांना बाजूला ठेवून आज आपण विचार करू.

प्रश्न साधा आहे. ट्रॉम्बे, मानखुर्द, चेंबूर या भागात राहणारा, नुकताच नोकरीला लागलेला एक तरुण. थोडी शिल्लक पडली आहे, थोडे वडिलांकडून मिळतील. कुणीतरी सहा-सात वर्षे वापरलेली स्पोर्ट्स बाईक विकायला काढली आहे आणि ती नव्या गाडीच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळते आहे. घ्यावी का?

हा मोह काही आजचा नाही. १९८३मध्ये एस्कॉर्ट्सने यामाहाची ३४७ सीसीची राजदूत ३५० आपल्याकडे आणली. तिची सुमारे ३० अश्वशक्ती त्या काळी अचाट वाटे, पण पेट्रोलचा खर्च ऐकून लोक मागे सरत. १९८५च्या आरएक्स १०० या ९८ सीसीच्या गाडीने मात्र एका पिढीला वेड लावले. मोठ्या परदेशी गाड्या त्या वेळी केवळ चित्रांत दिसत. २००७मध्ये आपला हापूस अमेरिकेच्या बाजारात गेला आणि त्याच वर्षी ८०० सीसीवरच्या मोटारसायकलींचा भारतात येण्याचा मार्ग सरकारने मोकळा केला. २०१२पासून चाकणला बनणारी केटीएम ड्यूक बाजारात आली आणि पुढच्या वर्षी तिची ३७३ सीसीची थोरली बहीणही आली. श्रीमंतांचा शौक मध्यमवर्गाच्या हप्त्यात बसू लागला. त्या गाड्या आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे चालल्या आहेत.

आता मुख्य मुद्दा. गाडी जुनी झाली की तिची किंमत उतरते. पण तिच्या सुट्या भागांची किंमत उतरत नाही. पंधरा लाखांची गाडी तुम्हाला सहा लाखांत मिळाली, तरी तिचे ब्रेकपॅड, चेन-स्प्रॉकेट, क्लचप्लेट हे सगळे पंधरा लाखांच्या गाडीचेच राहतात. मोठ्या गाडीच्या टायरची एक जोडी हजारांत नव्हे, दहा-दहा हजारांत मोजावी लागते आणि अफाट ताकदीमुळे मागचा टायर काही हजार किलोमीटरांत संपतो. तिसऱ्या पक्षाच्या विम्यातही ३५० सीसीवरच्या दुचाकींचा दर सर्वांत वरच्या टप्प्यात आहे. म्हणजे किंमत एकाने सोसली आणि खर्च दुसऱ्याकडे आला.

म्हणूनच विकणारा आत्ता का विकतो आहे, हे शोधून काढायला हवे. "वापर होत नाही" हे उत्तर बहुतेकदा खरे असते, पण अपुरे. पुष्कळदा मोठी सर्व्हिसिंग, टायर आणि विमा हे तिन्ही खर्च एकदम पुढ्यात आले की गाडी विकायला निघते. सर्व्हिसिंगची बिले मागा. शेवटचे मोठे काम कधी झाले आणि पुढचे किती किलोमीटरवर आहे, ते पाहा. तो खर्च मागितलेल्या किमतीत मिळवा. येईल ती खरी किंमत.

दुसरी न उतरणारी गोष्ट म्हणजे कायद्याची जबाबदारी. ट्रॉम्बे-चेंबूरच्या गाड्यांवर 'एमएच ०३' असते आणि त्यांची कामे वडाळ्याच्या परिवहन कार्यालयात होतात. मोटार वाहन कायद्याप्रमाणे विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतर कळवायचे असते. त्यासाठी २९ आणि ३० क्रमांकांचे अर्ज लागतात. कर्ज काढून घेतलेली गाडी असेल, तर बँकेचा बोजा उतरवल्याचा ३५ क्रमांकाचा अर्ज हवा. गाडी परराज्यातली असेल तर तिथल्या कार्यालयाचे ना-हरकत पत्रही हवे. "सह्या करून देतो, नावावर नंतर करा" असे कुणी म्हणाले, तर तिथूनच परत फिरा. हातोहात विकल्या गेलेल्या एका मोटारीच्या अपघातात सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये स्पष्ट केले की, कार्यालयाच्या दप्तरी ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याची. म्हणजे नाव बदलणे ही विकणाऱ्याचीही गरज आहे, हे त्याला समजावून सांगा. तुमची गरज तर उघडच आहे. पॉलिसी जुन्याच मालकाच्या नावावर राहिली, तर तुमच्या गाडीच्या नुकसानीचे पैसे विमा कंपनीकडून मिळण्याची खात्री राहत नाही.

आणखी एक हिशेब. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी करून दर पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. बारा-तेरा वर्षांची गाडी घेताना हा दिवस दारात उभा आहे, हे लक्षात ठेवा. परदेशातून आलेली गाडी असेल तर सीमाशुल्क भरल्याचे कागद बघा. सुटे भाग म्हणून आणून इथे जोडलेल्या, कर चुकवलेल्या गाड्या पकडल्या गेल्या आहेत आणि जप्ती येते ती शेवटच्या मालकाकडे.

कागद जुळले, तरच गाडी पाहायला जा. सकाळी जा आणि इंजिन थंड ठेवायला आधीच सांगून ठेवा. तापवून ठेवलेले इंजिन आपले दुखणे लपवते. सांगाड्यावरचा चेसिस नंबर आणि इंजिनावरचा नंबर आरसी बुकाशी ताडून बघा. प्लास्टिकचे आवरण नवे कोरे आणि बाकी गाडी जुनी दिसली, तर विचारा. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा आणि ते जिथे अडते तो खिळा वाकलेला नाही ना, ते बघा. समोरून आदळलेल्या गाडीची खूण बरेचदा तिथे सापडते. पुढच्या शॉकअपवर तेल ओघळले आहे का, ते पाहा. टायरवर कडेला चार आकडे असतात. ३५१९ असेल तर टायर २०१९ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यातला. नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारे झालेले असते. १२५ सीसीवरच्या सर्व नव्या दुचाकींना एप्रिल २०१९पासून एबीएस सक्तीचे झाले. त्याआधीच्या गाडीत ते आहे की नाही, हे विचारून घ्या. बदललेला कर्कश सायलेन्सर असेल, तर मूळचा सायलेन्सर मागून घ्या, नाहीतर पहिल्याच नाक्यावर पावती फाटेल. आणि ज्याचा गाडीत काही स्वार्थ नाही असा मेकॅनिक बरोबर न्या. त्याला दिलेले पैसे वाया जात नाहीत.

आता तिसरी गोष्ट. जुनी झाली म्हणून गाडीचा वेग आणि वजन कमी होत नाही. रोजच्या १०० सीसीच्या गाडीत आठेक अश्वशक्ती असते. हायाबुसात, म्हणजे बहिरी ससाण्याचे जपानी नाव ल्यालेल्या त्या गाडीत, १९०च्या आसपास, आणि वजन अडीचशे किलोंच्या वर. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर कापते, १२०ने जाणारी ३३ मीटर. आपण धोका पाहून ब्रेक दाबेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. त्यापुढे वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारे अंतर चौपट होते. हे गणित चालवणाऱ्याचे वय किंवा हुशारी बघत नाही.

मग ही ताकद आपण वापरणार कुठे? ट्रॉम्बे हे रस्त्याचे टोक. बाहेर पडायचे तर पूरव मार्ग, रिफायनरीकडचे टँकर, मानखुर्दचा सिग्नल आणि मग वाशीचा पूल. जे रस्ते वेगासाठी बांधले, ते दुचाकींना बंद आहेत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी, वांद्रे-वरळी सागरी सेतूवर बंदी, किनारी रस्त्यावर बंदी आणि २०२४मध्ये सुरू झालेल्या अटल सेतूवरही बंदी. उरतो तो जुना पुणे रस्ता. तिथे गावे आहेत, शाळा आहेत, रस्ता ओलांडणारी माणसे आहेत. मनसोक्त वेगाने चालवायची, तर चेन्नईजवळचा किंवा कोइमतूरचा शर्यतीचा ट्रॅक गाठावा लागेल. शिवाय पावसाळ्याचे चार महिने गाडी बहुधा उभीच राहणार आणि खाडीच्या खाऱ्या हवेत चेन गंजणार.

एवढे ऐकून कुणी म्हणेल, म्हणजे घेऊच नका असे सांगता. तसे नाही. यंत्राची आवड ही चांगली आवड आहे आणि नीट राखलेली जुनी गाडी नव्या गाडीइतकाच आनंद देते. पण तीन गोष्टी जमत असतील तरच घ्या. गाडीच्या किमतीच्या निदान तिसरा हिस्सा रक्कम पहिल्या वर्षाच्या खर्चासाठी वेगळी ठेवता यायला हवी, आणि ती घरच्या औषधपाण्याची किंवा बहिणीच्या फीची नसावी. हेल्मेट, जाकीट, हातमोजे, बूट यांचे पैसे याच हिशेबात धरा. आधी वर्ष-दोन वर्षे १५०-२०० सीसीच्या गाडीवर हात बसलेला हवा. आणि रोज कामावर जायला दुसरी सोय हवी, कारण या गाडीच्या मागच्या चिमुकल्या सीटवर आईला बसवून डॉक्टरकडे नेता येत नाही.

ज्यांच्या घरात असा तरुण आहे, त्यांनाही एक विनंती. नुसते "नको" म्हणू नका. कागद घेऊन त्याच्या शेजारी बसा आणि हा हिशेब दोघे मिळून मांडा. नकार दिलेली गाडी मित्राच्या नावावर येते, हे पुष्कळ घरांत घडते. मांडलेला हिशेब मात्र मुलाला स्वतःला दिसतो.

आणि टोकन देण्याआधी आठ दिवस जाऊ द्या. "उद्या दुसरे गिऱ्हाईक येतेय" असे विकणारा म्हणेल. येऊ द्या. त्याने नेली तर नेऊ द्या. कुर्ल्यापासून ठाण्यापर्यंत अशा गाड्या कायम विकायला निघत असतात. आठ दिवसांनंतरही हिशेब जुळत असेल, तर पैसे बँकेतून द्या, पावती घ्या आणि दोघे मिळून वडाळ्याला जा.